कोल्हापुरात नवी गाडी घेतलीय? मग ते फडकं आधी खाली ठेवा

नुसत्या धुळीनं गाडीच्या रंगाचं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते आपण ती धूळ पुसतो तेव्हा. सकाळी कामावर निघायच्या घाईत डिकीतलं पिवळं फडकं काढायचं आणि बॉनेटवर गोल गोल फिरवायचं, ही आपल्याकडची सगळ्यात महाग पडणारी सवय आहे. दोन उन्हाळे अशी पुसलेली काळी गाडी रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी करून बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतील. ते दगडानं पडलेले नसतात, कुणी मुद्दाम ओढलेले नसतात. रोजच्या पुसण्यानं पडलेले असतात.

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला पाऊस आठवतो, पंचगंगेचा पूर आठवतो. पण पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर. दिवाळीपासून मृग लागेपर्यंत इथं कोरडंच असतं, आणि नेमका त्याच काळात ऊस हंगाम, रस्त्यांची कामं, उपनगरातली खुदाई आणि उन्हाळा असं सगळं एकदम येतं. हा लेख पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी किंवा बदली होऊन नुकतेच इथं आलेल्यांसाठी आहे. तुमच्याकडे बंद गॅरेज नाही, गाडी दारात नाहीतर सोसायटीत उघड्यावर उभी असते, घरात बोअरचं पाणी आहे आणि रविवारी तास-दीड तासापेक्षा जास्त वेळ देता येत नाही, असं धरून लिहिलंय. माझीही परिस्थिती हीच आहे.

१. आधी धूळ कसली आहे ते ओळखा

सगळी धूळ एकसारखी नसते, त्यामुळं इलाजही एकच नसतो.

रस्त्याची साधी धूळ म्हणजे माती आणि मुरमाचा चुरा. फुलेवाडी, पाचगाव, उचगावकडं राहणाऱ्यांना तिची वेगळी ओळख करून द्यायला नको. त्यात वाळूचे म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. कठीणपणाच्या मोह्स मापावर क्वार्ट्झ ७ वर येतं, साधी पोलादी सुरी साडेपाचच्या आसपास. गाडीचा वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो ह्या दोन्हींपेक्षा कितीतरी मऊ. आणि पातळ किती? प्रायमरपासून वरपर्यंत सगळा रंग मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक केसाहून पातळ थरावर उभी आहे.

दुसरी लाल धूळ. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडं जाऊन आलात की ती दाराच्या कडांत, डिकीच्या खोबणीत, इंधनाच्या झाकणाखाली जाऊन बसते. जांभ्या मातीत लोहाची ऑक्साइडं भरपूर, त्यामुळं ओली होऊन वाळली की पांढऱ्या गाडीवर तिची तांबूस छटा राहते. ही जितक्या लवकर निघेल तितकं बरं.

तिसरी काजळी. हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या चिमण्या, गुऱ्हाळं आणि रानात पेटवलेलं पाचट ह्यांची काळी हलकी राख सकाळी गाडीवर पडलेली दिसते. ती दिसते मऊ, फुंकली तरी उडेल अशी. पण बगॅसच्या म्हणजे उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिकाचं प्रमाण मोठं असतं, आणि बोटानं पुसायला जावं तर काळा फराटा उठतो. ह्या राखेला हात लावायचाच नाही, पाण्यानं वाहवायची.

चौथी सगळ्यात कपटी, लोखंडाची. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत फौंड्रीच्या म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या आसपास दिवसभर गाडी उभी राहत असेल तर ग्राइंडिंगचे बारीक कण रंगात रुतून बसतात. वरून काही कळत नाही. मग दमट हवेत ते गंजतात आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसायला लागतात. लोक घाबरून म्हणतात, ‘नवी गाडी गंजली!’ पत्रा गंजलेला नसतो, वर रुतलेला कण गंजलेला असतो. त्याचा इलाज पुढं सातव्या मुद्द्यात आहे.

आणि ह्या सगळ्यावर एप्रिल-मेमध्ये वळीव येतो. जोराचा आला तर उपकारच. पण बऱ्याचदा चार टपोरे थेंब पडतात आणि गाडीभर मातीचे गोल ठिपके उमटवून ढग निघून जातो. त्यानंतर फडकं मारणं म्हणजे चिखल रगडणं.

२. गाडी ताब्यात घेताना

नव्या गाडीला पहिला ओरखडा बहुधा शोरूममध्येच पडतो. डिलिव्हरीच्या दिवशी गाडी चकाचक दिसावी म्हणून तिथला पोरगा एकाच फडक्यानं सकाळपासून सगळ्या गाड्या पुसत असतो. त्याचा दोष नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. तुम्ही आदल्या दिवशीच फोन करून सांगा: रंगावरची प्लास्टिकची आवरणं काढू नका, नुसत्या पाण्यानं धुवा, पुसू नका, पॉलिश तर अजिबात नको. थोडे डाग दिसले तरी चालतील म्हणा. हे ऐकून समोरचा जरा गडबडतो, पण ऐकतो.

गाडी दिवसाउजेडी घ्या. संध्याकाळच्या मुहूर्ताचा हट्ट असेल तर निदान दुपारी एकदा जाऊन बघून या. तिरक्या उजेडात प्रत्येक दार, बंपरचे कोपरे, छप्पर बघा आणि फोटो काढून ठेवा. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एका स्टिकरवर रंगाचा कोड असतो, त्याचाही फोटो घ्या. कंपनी सोडून वरून जे जे करून घ्याल, त्याचं पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड एका पाकिटात ठेवा.

आता पूजा. अंबाबाईच्या दारात गाडी उभी केल्याशिवाय कोल्हापुरात ती आपली होत नाही, हे मान्य. पण ओल्या कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटवर काढलं आणि ते दिवसभर उन्हात तापलं की रंगाची छटा मागे राहू शकते. स्वस्तिक पुढच्या काचेवर काढा. घरच्या ज्येष्ठांना सांगताना ‘रंग खराब होतो’ म्हणू नका, ‘आई, काचेवर काढ, समोरून नीट दिसतंय’ म्हणा. हार दोऱ्यात ओवलेला घ्या, तारेचा नको. तारेचं टोक बॉनेटच्या कडेला घासत घासत घरापर्यंत येतं. आणि झेंडूचा हार सुकेपर्यंत ठेवायचा नसतो, रात्री काढून टाका.

३. सामान

फार काही लागत नाही. उद्यमनगरातल्या ऑटोच्या दुकानांत बरंचसं मिळतं, उरलेलं ऑनलाइन.

– दोन बादल्या, १५ ते २० लिटरच्या, शक्यतो वेगळ्या रंगांच्या. एकात शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. साध्या पाण्याच्या बादलीत तळाशी बसणारी प्लास्टिकची जाळी मिळते, ती घ्या. कचरा जाळीखाली बसतो, परत वर येत नाही.
– चाकांसाठी तिसरी, जुनी बादली आणि वेगळा ब्रश. ह्या दोन वस्तू रंगाच्या जवळही आणायच्या नाहीत.
– पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा कार शाम्पू.
– मायक्रोफायबरचा हातमोजा, लांब धाग्यांचा. स्पंज नको, त्याच्या सपाट पृष्ठावर कण अडकून फिरत राहतात.
– गाडीचं अंग पुसायला एक मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल. किरकोळ पुसण्यासाठी ३००-४०० जीएसएमचे (जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, कापडाच्या जाडीचं माप) चार-पाच छोटे.
– पाण्याचा फवारा. नळाला पाइप असेल तर उत्तम. नसेल तर शेतकऱ्यांकडं असतो तो पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप. १६ लिटरची टाकी, मध्यम दाब, गाडी भिजवायला अगदी झकास. फक्त पंप नवा घ्या आणि ह्याच कामाला ठेवा. गावाकडून तणनाशक मारलेला पंप उचलून आणू नका. त्या औषधाचा अंश टाकीत राहतो आणि तुषार तुमच्या तोंडावर येणार आहेत.

घ्यायचं नाही असं: कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, जुने बनियन, पंचा, घरातली पोछ्याची फडकी. साबणानं गाडी एकदा-दोनदा धुतल्यानं रंग उडत नाही, पण त्यावर लावलेलं वॅक्स निघून जातं आणि रबर कोरडं पडतं.

मायक्रोफायबर धुताना थोडा लिक्विड साबण पुरे. कपडे मऊ करायचं द्रव्य टाकू नका, त्यानं धागे बुजतात. बाकीच्या कपड्यांत मिसळू नका. आणि टॉवेल एकदा जमिनीवर पडला की तो त्या दिवसापुरता चाकांचा झाला. झटकून परत रंगाला लावायचा मोह होतोच, म्हणून मुद्दाम सांगतोय.

४. वेळ आणि जागा

सकाळी ऊन चढायच्या आत किंवा संध्याकाळी. सावली हवीच. तळहाताची उलटी बाजू बॉनेटवर ठेवा. गरम लागतंय असं वाटलं तर थांबा. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू तिथल्या तिथं वाळतो, आणि बोअरचं पाणी असेल तर पांढरे डाग पक्के बसतात. बाहेरून चालवून आणलेली गाडी अर्धा तास तरी उभी राहू द्या. तापलेल्या ब्रेक डिस्कवर गार पाणी मारणंही बरं नव्हे.

झाडाची सावली बघताना वर बघा. वड, पिंपळ, उंबर असेल तर तिथं पक्षी असणार.

५. धुणं: हात जितका उशिरा लागेल तितका चांगला

सगळ्या लेखाचा जीव ह्या एका गोष्टीत आहे. रंगाला हात लावायच्या आधी जितकी धूळ पाण्यानं वाहून जाईल तितके ओरखडे वाचतील. त्यामुळं पहिला निम्मा वेळ नुसतं भिजवण्यात घालवा.

पहिल्यांदा चाकं. ती सगळ्यात घाण असतात, शेवटी ठेवली तर त्यांचे शिंतोडे धुतलेल्या रंगावर उडतात. जुन्या बादलीतलं पाणी आणि ब्रश घ्या, चाकाच्या वरची कमानही आतून धुवा. लाल माती तिथंच थर करून बसते.

मग गाडीवर वरून खाली पाणी. छपरापासून सुरू करा, कारण वरची धूळ खालीच येणार आहे. एकदा पूर्ण भिजवा, दोन-तीन मिनिटं थांबा, परत मारा. पहिल्या फेरीत धूळ ओली होते, दुसऱ्या फेरीत सुटते. वळवाचे मातीचे ठिपके असतील तर मध्ये शाम्पूचं पाणी फवारून पाच मिनिटं ठेवा, पण वाळू देऊ नका. पंपानं काम करत असाल तर त्यातच थोडा शाम्पू घालून पहिली फवारणी करा आणि मग साध्या पाण्यानं धुवा. दाराच्या कडा, नंबरप्लेटची मागची बाजू, आरशांचे सांधे इथं थोडं जास्त पाणी द्या. धुणं संपल्यावर तिथूनच लाल ओघळ येतात.

आता हातमोजा. शाम्पूच्या बादलीत बुडवा, एक भाग धुवा, म्हणजे अर्धं छप्पर किंवा एक दार. मग तो साध्या पाण्याच्या बादलीत जाळीवर घासून पिळा आणि परत शाम्पूत बुडवा. हात सरळ रेषेत फिरवा, गोल नको. आणि दाबू नका. मोज्याच्या वजनाएवढाच दाब पुरे. काही निघत नसेल तर जोर लावण्याऐवजी परत भिजवा.

क्रम असा: छप्पर, काचा, बॉनेट, डिकीचा वरचा भाग, दारांचा वरचा अर्धा भाग, आणि मग सगळ्यात शेवटी दारांचा खालचा पट्टा, बंपर. दाराच्या कमरेखालचा भाग हा चाकानं उडवलेल्या खड्यांचा असतो. तिथं लागलेला मोजा परत बॉनेटवर आणायचा नाही. शक्य असेल तर खालच्या भागासाठी दुसरा मोजाच ठेवा.

साध्या पाण्याची बादली गढूळ झाली की बदला. लाल रस्त्यावरून आल्यावर दोनदा बदलावी लागते. एवढं करूनही फवारा आणि बादल्या मिळून ५०-६० लिटरमध्ये भागतं. पाइप सोडून गाडी धुणारा शेजारी ह्याच्या कितीतरी पट पाणी गटारात घालवत असतो.

शेवटचं धुणं. इथं बोअरवाल्यांनी लक्ष द्यायचं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी वाळतं, क्षार राहतात. शक्य असेल तर शेवटची एक बादली महापालिकेच्या नळाची राखून ठेवा आणि ती छपरावरून सावकाश ओता. एसीच्या नळीतून उन्हाळ्यात बादली बादली पाणी वाया जातं. ते जवळपास क्षारमुक्त असतं, शेवटच्या पुसण्याला त्याच्याइतकं चांगलं पाणी घरात दुसरं नाही. उलट आरओ मशीनचं टाकाऊ पाणी गाडीला वापरा असं सगळीकडं सांगतात. त्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार साठलेले असतात. ते चाकांना ठीक आहे, रंगाला नको.

लगेच कोरडं करा. मोठा टॉवेल पसरून ठेवा आणि दोन टोकं धरून हळू ओढा, किंवा नुसता दाबून उचला. घासायची गरजच पडत नाही. मग दारं, डिकी, बॉनेट उघडून कडा छोट्या टॉवेलनं पुसा.

६. दोन धुण्यांच्या मधले दिवस

आठवड्यातून एकदा नीट धुणं झालं तर भरपूर झालं. मधल्या दिवसांत गाडी धुळकट दिसेल. दिसू द्या. काच, आरसे, दिवे आणि नंबरप्लेट स्वच्छ असली की गाडी चालवायला काही अडत नाही. काचेवरसुद्धा कोरडा वायपर फिरवू नका. आधी पाणी मारा, मग वायपर. कोरड्या वायपरनं काचेवर पडलेली ओरखड्यांची कमान पॉलिशनं सहज जात नाही, आणि रात्री समोरून हेडलाइट आला की दर वेळी तीच दिसते.

सोसायटीत रोज गाड्या पुसणारा माणूस येत असेल तर खरा धोका तिथं आहे. एका बादलीत दहा गाड्या होतात, आणि दहाव्या गाडीला पहिल्या नऊ गाड्यांची माती लागते. त्याला कामावरून काढायचं कारण नाही. पगार तोच ठेवा, काम बदला: रोज फक्त काचा, चाकं आणि आतली मॅट, रंगाला हात नाही. काचेसाठी फडकी तुम्ही द्या. दोन दिवसांत त्याच्या अंगवळणी पडतं, आणि त्याचंही काम हलकं होतं.

लांब दांड्याचा, धाग्यांचा डस्टर लोक हमखास घेतात. धूळ अगदी हलकी, एका रात्रीची असेल आणि तुम्ही तो न दाबता नुसता टेकवून फिरवणार असाल, तर एखाद वेळी चालून जातं. आपल्याकडं एवढी हलकी धूळ क्वचितच असते. मी घेऊ नका म्हणेन.

कव्हरबद्दल गैरसमज मोठा. कव्हर फक्त धुतलेल्या गाडीवर घालायचं. धुळकट गाडीवर घातलं आणि मार्चचा वारा सुटला की ते रात्रभर फडफडत रंगावर पॉलिशपेपर मारत बसतं. आतल्या बाजूलाही धूळ चढते, तेव्हा कव्हरसुद्धा महिन्यातून एकदा धुवावं लागतं. रोज गाडी काढणाऱ्यानं कव्हरच्या भानगडीत पडू नये. एखादी पत्र्याची शेड किंवा नेटची सावली बरी. आठ-आठ दिवस एका जागी उभी राहणाऱ्या गाडीला, भिंतीच्या आडोशाला, कव्हर ठीक.

टँकरचे दिवस आले, पाणीच नाही, अशा वेळी नो-रिन्स नावाचं द्रव मिळतं. बादलीभर पाण्यात थोडं घालायचं, आधी तेच फवारून धूळ भिजवायची, मग मायक्रोफायबरनं एका दिशेनं पुसत जायचं आणि प्रत्येक वेळी टॉवेलची नवी घडी वापरायची. दहा लिटरमध्ये गाडी होते. पण अट एकच, गाडीवर नुसती धूळ असावी. चिखल असेल तर आधी तो कुठूनही पाणी आणून काढावा लागतो.

७. डाग, ज्याचे त्याचे इलाज

पक्ष्याची विष्ठा: दिसली त्या दिवशीच काढा. ती आम्लधर्मी असते, आणि उन्हात तापली की क्लिअर कोटवर कायमचा खड्डा सोडते. ओला टिश्यू किंवा फडकं वर नुसतं ठेवा, पाच मिनिटांनी उचला. गाडीत पाण्याची बाटली आणि टिश्यू कायम असू द्या.

बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके: ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून टॉवेलला लावा, अर्धा मिनिट ठेवा, धुऊन टाका. सावलीत, गार पत्र्यावर. जुने झाले असतील तर पॉलिशशिवाय जात नाहीत.

डांबर: रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यातून गेलात की दाराखाली काळे ठिपके येतात. टार रिमूव्हर मिळतो. नसेल तर थोडं खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवा, ठिपका मऊ होतो, मग शाम्पूनं धुवा. नखानं खरवडू नका.

गुलाल: चैत्रात जोतिबाच्या यात्रेला किंवा अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतून गाडी गेली की ती गुलाबी होऊन येतेच. गुलाल कोरडा आहे तोवर पुसू नका आणि ओलं फडकं तर मुळीच लावू नका. आधी भरपूर, जोराच्या पाण्यानं वाहवा. तो पाण्यात कालवला जाऊन काळ्या-राखाडी प्लास्टिकच्या पट्ट्यांत आणि रबरात मुरला की महिनोन् महिने राहतो. एसीच्या हवेची जाळीही बघा, तिथून आत येतो.

लोखंडाचे नारिंगी ठिपके: धुतलेल्या गाडीवर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा रंग पिशवीतून खरखरीत लागला तर कण रुतलेत. आयर्न रिमूव्हर फवारला की तो लोखंडाला धरून जांभळा होतो. दोन-तीन मिनिटं ठेवा, वाळायच्या आत भरपूर पाण्यानं धुवा. सडक्या अंड्यासारखा वास येतो, हातमोजे घाला, उन्हात करू नका. तरीही खरखर राहिली तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी, भरपूर शाम्पूचं पाणी लावून, हलक्या हातानं. तो खाली पडला तर टाकून द्या, परत वापरायचा नाही. फौंड्रीवाल्यांनी हे वर्षातून दोनदा करावं, बाकीच्यांना एकदाही पुरे. क्ले बारनंतर रंग उघडा पडतो, त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट (रंगावरचे संरक्षक थर, नवव्या मुद्द्यात बघा) लावायलाच हवं.

८. वॉशिंग सेंटरला द्यायचीच असेल तर

प्रत्येक रविवार मोकळा नसतो. सेंटर वाईट असतात असंही नाही; जोराचं पाणी आणि फोम ही दोन कामं ते घरापेक्षा चांगली करतात. त्रास तिसऱ्या कामाचा, म्हणजे घासण्याचा आणि पुसण्याचा. तुमच्या आधी तिथं उसाच्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर धुतलेला असतो, आणि स्पंज तोच.

तेव्हा आधीच सांगा: पाणी मार, फोम मार, परत पाणी मार, बस्स. पुसायचा टॉवेल आपला घेऊन जा आणि स्वतः पुसा. प्रेशरचं नोझल रंगापासून फूटभर तरी लांब राहू दे, स्टिकर आणि खडी लागून उडालेल्या टवक्यांवर तर आणखी लांब.

मग तो हमखास विचारेल, ‘दादा, खालनं डिझेल मारू काय?’ नको म्हणा. डिझेलनं खालचे रबराचे बुश फुगतात, आणि त्या चिकट थरावर पुढच्या दोन दिवसांत दुप्पट धूळ बसते. रंगाला डिझेलचं फडकं मारून आणलेली चमकही त्याच जातीची.

कंपनीच्या सर्व्हिसिंगला गाडी दिली की धुणं फुकट असतं. जॉब कार्डवर ‘गाडी धुवू नये’ असं लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. घेताना गाडी ग्रीसच्या बोटांसकट मिळेल. चालेल.

९. वॅक्स, सीलंट, सिरॅमिक, फिल्म: काय घ्यावं?

इथं पैसे उकळण्याला सगळ्यात जास्त वाव आहे, म्हणून सावकाश वाचा.

एक गोष्ट स्पष्ट असू दे: फिल्म सोडली तर ह्यातलं काहीही ओरखड्यांपासून वाचवत नाही. ते धूळ आणि पाणी चिकटू देत नाहीत, उन्हाचा आणि डागांचा मारा थोडा झेलतात, आणि धुणं सोपं करतात. एवढंच त्यांचं काम.

कार्नोबा वॅक्स चमक छान देतं, पण आपल्या उन्हाळ्यात महिना-दीड महिन्यात संपतं. सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने टिकतो. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला माझी पसंती ह्यालाच: दिवाळीत एकदा, हंगामाची धूळ सुरू व्हायच्या आधी, आणि मेअखेर एकदा, पावसाच्या आधी. घरी लावता येतो, तासाभराचं काम. पाणी ओतल्यावर गोल थेंब बनून ओघळलं तर थर शिल्लक आहे, पाणी पसरून बसलं तर संपला.

शोरूमवाले ‘टेफ्लॉन कोटिंग’ बिलात घालू बघतात. साध्या पॉलिशपेक्षा त्यात फार काही जास्त मिळत नाही. काढून टाकायला सांगा.

सिरॅमिक कोटिंग खरंच टिकतं, चांगलं केलं तर दोन-तीन वर्षं. पण ‘नाइन एच’ ह्या आकड्यानं दिपून जाऊ नका. ते पेन्सिलीच्या कठीणपणाचं माप आहे, वर सांगितलेलं मोह्सचं नव्हे. वाळूचा कण त्यालाही ओरखडतो. सिरॅमिक केलेली गाडी कोरड्या फडक्यानं पुसणारे बरेच आहेत. त्यांनी नुसता सीलंट लावला असता तरी निकाल तोच लागला असता. कोटिंग करून घ्यायचं ठरवलंत तर बिलावर उत्पादनाचं नाव, किती थर, वॉरंटी कार्डावर शिक्का, आणि दर वर्षी देखभालीला यायची अट आहे का, हे बघा. आधी रंगाची जाडी मीटरनं मोजून दाखवायला सांगा. मीटर नसलेल्याकडं जाऊ नका.

पीपीएफ म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची. खडीचे टवके आणि बारीक ओरखडे अडवणारी ही एकच गोष्ट. महाग आहे. रोज महामार्गावरून कागल-सातारा करत असाल, पुढं खडीचे डंपर असतात, तर फक्त पुढचा बंपर, बॉनेटची पुढची कड, आरसे आणि दाराच्या मुठीखालच्या वाट्या एवढ्याला लावा. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीला पूर्ण फिल्म लावणं मला तरी पटत नाही.

१०. ओरखडे आधीच पडले असतील तर

रबिंग-पॉलिश हे धुण्यासारखं वारंवार करायचं काम नाही. मशीननं कंपाउंड, म्हणजे घासून झिजवणारी पेस्ट, मारताना ओरखडा भरला जात नसतो, त्याच्या भोवतीचा क्लिअर कोट घासून खाली आणला जातो. दर वेळी काही मायक्रॉन जातात, आणि ते परत येत नाहीत. दर सर्व्हिसिंगला रबिंग करून घेणाऱ्यांच्या गाड्यांच्या कडा पाच-सहा वर्षांत फिक्या पडतात, कारण कडांवर थर मुळातच पातळ असतो. गाडीच्या आयुष्यात दोन-तीनदा, चांगल्या माणसाकडून, आधी जाडी मोजून. त्याच्यापुढं नको.

नख फिरवून बघा. नख अडकत नसेल तर ओरखडा पॉलिशनं जाईल किंवा पुसट होईल. अडकत असेल तर तो बहुधा क्लिअर कोटच्या खाली गेलाय, पॉलिशच्या मागं लागू नका. रंगाच्या कोडवरून टचअपची बाटली मागवा. जागा धुऊन, पूर्ण वाळवून, काडीच्या टोकानं अगदी थोडा रंग ठेवा, वाळू द्या, मग दुसरा थर. बाटलीच्या झाकणाचा ब्रश वापरू नका, तो फार जाड असतो. पावसाळ्याच्या आधी हे उरकून घ्या, कारण उघडा पडलेला पत्रा जून-जुलैत खरोखरच गंजतो.

ठोकर लागून एखादं दार गॅरेजमध्ये नव्यानं रंगवलं असेल तर त्या भागाला निदान महिनाभर वॅक्स, सीलंट काही लावू नका. कारखान्यातला रंग भट्टीत भाजून येतो, तसा हा नसतो. ह्यातलं द्रावक हळूहळू बाहेर पडत राहतं. तोवर नुसतं पाणी आणि हलका शाम्पू, आणि गॅरेजवाल्यानं आणखी काही दिवस थांबायला सांगितलं तर थांबा.